प्लॅस्टिकला गोंद का धरत नाही? : प्लॅस्टिकची रचना आणि प्लाझ्मा प्रक्रिया

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आज आपल्या शेतात प्लॅस्टिक नाही असा कोपरा सापडणे कठीण आहे. ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाईप, शेततळ्याचा कागद, आच्छादनाची फिल्म, पॉलिहाऊस, शेडनेट, फवारणी पंपाची टाकी, टोमॅटोचे क्रेट, खताच्या गोणी, औषधांच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या. या सर्वांना आपण एकच नाव देतो : प्लॅस्टिक. वागण्यात मात्र ही सारी भावंडे एकमेकांपेक्षा फार वेगळी आहेत.

अनुभव तुमचाच आहे. पीव्हीसी पाईपला सोल्युशन लावून कपलिंग बसविले की थोड्या वेळात सांधा पक्का होतो. तेच सोल्युशन ठिबकच्या काळ्या नळीला लावले तर वाळून पापुद्र्यासारखे निघून येते. शेततळ्याच्या कागदाला भोक पडले म्हणून बाजारातील महागडा गोंद लावून ठिगळ बसविले, तर पहिल्याच पाण्यात ते सुटते आणि साठविलेले पाणी जमिनीत मुरून जाते. क्रेटवर ऑईलपेंटने नाव घातले तर दोन-चार फेऱ्यांत रंगाचे पोपडे निघतात आणि बाजारात आपला क्रेट कोणता हे ओळखता येत नाही. पण दुधाची पिशवीही त्याच पॉलिथीनची असते आणि तिच्यावरची छपाई मात्र पाण्यात, बर्फात राहूनही जात नाही. असे का होते? याचे उत्तर प्लॅस्टिकच्या आतील रचनेत आणि त्याच्या पृष्ठभागावर कारखान्यात केलेल्या प्रक्रियेत आहे. ते समजून घेतले तर चुकीच्या गोंदावर होणारा खर्च वाचेल आणि वस्तू खरेदी करताना काय पाहावे हेही कळेल.

प्लॅस्टिकची अंतर्गत रचना

प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. एकाच प्रकारचे लहान रेणू हजारोंच्या संख्येने एकमेकांस जोडले जाऊन ही साखळी तयार होते. इथिलीन वायूपासून पॉलिथीन तयार होते. इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत १९३३ साली ते प्रथम सापडले. पॉलिथीनच्या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो. मेणाची रचनाही अशीच असते, फक्त मेणाच्या साखळ्या फार आखूड असतात. म्हणून पॉलिथीनला हात लावला की मेणासारखा स्पर्श जाणवतो.

या साखळीला फांद्या असतील तर ती घट्ट बसत नाही आणि प्लॅस्टिक मऊ होते. हे एलडीपीई होय. साखळी सरळ असेल तर ती दाट बसते आणि टणक एचडीपीई मिळते. दोहोंच्या मधले एलएलडीपीई ठिबकच्या उपनळ्यांसाठी वापरतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये साखळीतील एकाआड एक कार्बनला एक लहान फांदी असते. गोणी आणि दोऱ्या याच्या बनतात. पीव्हीसीमध्ये साखळीवर ठरावीक अंतराने क्लोरीन असतो. पाण्याच्या बाटलीचे पेट आणि नायलॉन यांत ऑक्सिजन किंवा नत्र असलेले गट साखळीतच गुंफलेले असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकमध्ये काही भागात साखळ्या शिस्तीने एकावर एक रचलेल्या असतात, तर काही भागात त्या विस्कटलेल्या असतात. खळ्यात एका बाजूला कडब्याच्या पेंढ्या नीट रचून ठेवाव्यात आणि बाजूला सुटे भुसकट पडलेले असावे, तसा हा प्रकार आहे. एचडीपीईमध्ये रचलेला भाग साधारण ६० ते ८० टक्के, तर एलडीपीईमध्ये ४० ते ५० टक्के असतो. पुढे येणाऱ्या विवेचनात या दोन भागांतील फरक महत्त्वाचा आहे.

पाणी पसरते की थेंब राहतो?

अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, त्याचा मोती होतो. कोबी आणि कांद्याच्या पातीचेही तसेच. या पानांवर मेणाचा थर असतो. म्हणून फवारणीच्या द्रावणात आपण चिकट व पसरणारे द्रव्य मिसळतो. हे द्रव्य पाण्याचा पृष्ठताण कमी करते आणि पाणी पानावर पसरते.

नियम सोपा आहे. द्रवाचा पृष्ठताण हा घन पदार्थाच्या पृष्ठऊर्जेपेक्षा कमी असेल तर द्रव पसरतो, जास्त असेल तर थेंब होऊन बसतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ डाइन प्रति सें.मी. आहे. पॉलिथीनची पृष्ठऊर्जा त्याच मापात सुमारे ३१, पॉलिप्रॉपिलीनची ३०, पीव्हीसीची ३९, पेटची ४३ आणि नळाच्या आट्यांना गुंडाळतो त्या टेफ्लॉनची फक्त १८ ते २० आहे. गोंद, रंग किंवा शाई धरायची असेल तर आधी ती पृष्ठभागावर नीट पसरली पाहिजे आणि नंतर तिच्या रेणूंना पकडायला काहीतरी मिळाले पाहिजे. छपाईसाठी पृष्ठऊर्जा साधारणपणे ३८ च्या वर लागते. पॉलिथीन तेथपर्यंत पोहोचत नाही. शिवाय त्यात क्लोरीन, ऑक्सिजन, नत्र यांपैकी काहीच नसल्यामुळे गोंदाला पकड मिळत नाही.

पीव्हीसीचे सोल्युशन हा खरे तर नेहमीच्या अर्थाने गोंद नव्हेच. त्यातील द्रावक पाईप आणि कपलिंग दोहोंचा वरचा थर विरघळवतो, दोन्हींच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव सांधा राहतो. पॉलिथीन मात्र नेहमीच्या तापमानाला कोणत्याही द्रावकात विरघळत नाही. मग तेथे सोल्युशन कसे चालावे?

प्लाझ्मा म्हणजे काय?

फवारणीत आपण पाण्याचा पृष्ठताण खाली आणतो. कारखान्यात याच्या उलट करतात, म्हणजे प्लॅस्टिकची पृष्ठऊर्जा वर नेतात. त्यासाठी प्लाझ्मा वापरतात. येथे प्लाझ्मा म्हणजे रक्तातील द्रव नव्हे. वायूला विजेची भरपूर ऊर्जा दिली की त्यातील अणू-रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित कणांचे मिश्रण तयार होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये त्याला प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातील वीज आणि ट्यूबलाईटमधील उजेड ही त्याचीच रूपे. ट्यूबलाईट पेटलेली असतानाही तिला हात लावता येतो, कारण आतील इलेक्ट्रॉन अतिशय वेगवान असले तरी वायू फारसा तापत नाही. अशाच थंड प्लाझ्माने प्लॅस्टिक न वितळता त्याच्या पृष्ठभागावर काम करता येते.

फिल्मसाठी सर्वांत प्रचलित पद्धत कोरोना प्रक्रिया ही आहे. फिल्म एका रुळावरून वेगाने जाते आणि वरच्या पट्टीतून कित्येक हजार व्होल्टचा उच्च दाब देऊन हवेत जांभळट ठिणग्यांचा पडदा तयार करतात. डेन्मार्कचे अभियंते व्हर्नर आयस्बी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस ही पद्धत विकसित केली. बाटल्या व डबे यांसाठी गॅसच्या ज्योतीचा झटपट फटकारा देतात. नाजूक वस्तूंसाठी बंद पेटीत हवा काढून ऑक्सिजन, नत्र किंवा आर्गॉनचा प्लाझ्मा वापरतात.

या प्रक्रियेचा परिणाम किती खोलवर होतो? अवघ्या काही नॅनोमीटरपर्यंत. आच्छादनाची फिल्म २५ मायक्रॉन म्हणजे २५,००० नॅनोमीटर जाडीची असते. परिणाम १० नॅनोमीटरपर्यंत झाला असे धरले तरी तो जाडीच्या अडीच हजाराव्या भागात होतो. म्हणून फिल्मची ताकद तीच राहते, बदलतो तो फक्त तिचा चेहरा.

रचनेनुसार परिणाम वेगळा

सर्व प्लॅस्टिकवर एकसारखी प्रक्रिया केली तरी फळ सारखे मिळत नाही. जमीन पाहून जसे पीक घ्यावे लागते, तसेच हे आहे.

पॉलिथीन : प्लाझ्मातील कण साखळीवरील हायड्रोजन उडवून लावतात. मोकळ्या झालेल्या जागी हवेतील ऑक्सिजन येऊन बसतो आणि शाईला पकड देणारे गट तयार होतात. काही ठिकाणी शेजारच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. त्यामुळे वरचा थर मजबूत होतो आणि प्रक्रिया बऱ्यापैकी टिकते.

पॉलिप्रॉपिलीन : जेथे फांदी फुटते त्या कार्बनवरील हायड्रोजन सैल धरलेला असतो. तो सहज निघतो, पण मग जोड होण्याऐवजी साखळीच तुटते. प्रक्रिया जास्त झाली तर पृष्ठभागावर तुटक्या साखळ्यांचा कमकुवत थर साचतो. शाई या थराला चिकटते आणि थरासकट निघून येते. भिंतीवरील निघालेल्या चुन्यावर पुन्हा रंग द्यावा तसे होते. म्हणून येथे मात्रा जपूनच द्यावी लागते. सूर्याचे अतिनील किरणही याच कमकुवत जागी घाव घालतात. म्हणूनच संरक्षक द्रव्य नसलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या गोणीचा उन्हात लवकर चुरा होतो.

पीव्हीसी : क्लोरीनचा बंध कमकुवत असल्याने तीव्र प्रक्रियेत क्लोरीन हायड्रोजनसह आम्लरूपाने बाहेर पडतो आणि पृष्ठभाग पिवळट होतो. मुळात पृष्ठऊर्जा बरी असल्याने येथे प्रक्रियेची गरजही कमीच भासते.

पेट आणि पॉलिस्टायरीन : यांच्या साखळीत सहा कार्बनचे कडे असते. ते बरीच ऊर्जा सामावून घेते, त्यामुळे साखळी लवकर तुटत नाही. पेटमध्ये ऑक्सिजन आधीच असल्याने थोड्या प्रक्रियेतही काम भागते.

टेफ्लॉन : कार्बन व फ्लोरीनचा बंध फार बळकट असतो. पॉलिथीनला पुरेशी असलेली ऑक्सिजन प्लाझ्मा प्रक्रिया येथे जवळजवळ निष्प्रभ ठरते.

आता कडब्याच्या पेंढ्यांचा दाखला आठवा. प्लाझ्मा विस्कटलेल्या भागात लवकर शिरतो आणि रचलेल्या भागात उशिरा. त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो. त्याचाही पकड मिळण्यास थोडा उपयोग होतो.

प्रक्रिया कायम टिकते का?

नाही. प्लॅस्टिकच्या साखळ्या पृष्ठभागाजवळ किंचित हलत असतात. विस्कटलेल्या भागातील साखळ्या हळूहळू वळतात आणि ऑक्सिजनचे गट आत दडतात. शिवाय फिल्म निसरडी राहावी म्हणून घातलेली द्रव्ये आतून वर येऊन पातळ थर करतात. पहिल्या काही दिवसांत व आठवड्यांत हा उतार जास्त असतो, उष्णतेत त्याचा वेग वाढतो. म्हणून छपाईपूर्वी बराच काळ गोदामात पडलेल्या फिल्मवर पुन्हा प्रक्रिया करावी लागते. एकदा शाई किंवा गोंद बसला की मात्र ते गट जागीच अडकून राहतात.

शेतीशी असलेला संबंध

१. वेष्टनावरील छपाई : औषधाच्या बाटलीवर आणि बियाण्याच्या पिशवीवर मात्रा, विषाची खूण, बॅच क्रमांक आणि मुदत संपल्याची तारीख छापलेली असते. ही अक्षरे अंगठ्याने पुसली जात असतील तर हा केवळ दिसण्याचा दोष नव्हे. मात्रा वाचता आली नाही तर पीक जळते. विषाची खूण दिसली नाही तर जिवावर बेतते.

२. पॉलिहाऊसची फिल्म : रात्री फिल्मच्या आतून दव धरते. साध्या पॉलिथीनवर त्याचे थेंब होतात. ते सकाळचा प्रकाश अडवतात आणि पिकावर टपकून रोगाला आमंत्रण देतात. यासाठी फिल्ममध्ये थेंबरोधक द्रव्य मिसळतात. या द्रव्याचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे असते. ते पॉलिथीनच्या साखळ्यांत सामावत नाही म्हणून आतून पृष्ठभागावर येते आणि पाणी पातळ थरात पसरून कडेला वाहून जाते. पण त्याच पाण्याबरोबर ते हळूहळू धुपूनही जाते. म्हणून फिल्म शाबूत असली तरी थेंबरोधक गुण आधी संपतो. हा गुण प्लाझ्माने पृष्ठभागावरच कायमचा बसविण्याचे प्रयत्न संशोधक करीत आहेत. साखळ्या वळून गट आत दडण्याचा दोष हीच त्यातील मुख्य अडचण आहे.

३. औषधांच्या बाटल्या : प्रवाही कीटकनाशकातील झायलीनसारखे द्रावक पॉलिथीनशी जमवून घेतात आणि बाटलीच्या भिंतीतून हळूहळू झिरपतात. हे टाळण्यासाठी काही बाटल्यांना फ्लोरीन वायूची प्रक्रिया देतात. ही प्लाझ्मा नव्हे, पण तत्त्व तेच, म्हणजे हायड्रोजन काढून त्या जागी दुसरा अणू बसविणे. मात्र या प्रक्रियेत पीएफएएस नावाची दीर्घकाळ न विघटणारी रसायने तयार होऊन औषधात उतरू शकतात, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला २०२१ मध्ये आढळून आले. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपात घ्यावे, बाटलीला भोक पाडून ती निकामी करावी आणि घरात कधीही वापरू नये, या सल्ल्याला हे आणखी एक कारण आहे.

४. नैसर्गिक धागे : लोकर हीसुद्धा साखळ्यांचीच बनलेली असते. गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा सशाच्या निसरड्या लोकरीवर प्लाझ्मा प्रक्रिया विकसित केली आहे. तिच्यामुळे तंतूंमधील पकड वाढते आणि सूतकताई सोपी होते.

आपण काय करावे?

१. प्रथम प्लॅस्टिक ओळखावे. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई आणि ५ पॉलिप्रॉपिलीन. आकडा नसेल तर लहान तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी व पेट बुडतात. जाळून पाहू नये, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

२. पॉलिथीनच्या पाईपला व नळीला सोल्युशन लावू नये. एचडीपीई पाईप तापपट्टीने सुमारे २०० ते २२० अंश तापमानास वितळवून जोडावा किंवा आवळण्याचे फिटिंग वापरावे. ठिबक नळीसाठी जॉइनरच वापरावा.

३. शेततळ्याचा कागद फाटल्यास जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि त्याच जातीच्या कागदाचे ठिगळ गरम हवेच्या यंत्राने वितळवून जोडून घ्यावे. ब्युटाइल रबराची चिकटपट्टी तात्पुरत्या कामाला चालते.

४. पंपाच्या टाकीला तडा गेल्यास त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून जोड घ्यावा. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन एकमेकांत नीट मिसळत नाहीत. टाकी आधी स्वच्छ धुवावी आणि काम मोकळ्या हवेत करावे.

५. क्रेटवर रंगाने नाव घालण्याऐवजी खरेदीच्या वेळीच साच्यात नाव उमटवून घ्यावे किंवा तापलेल्या लोखंडी ठशाने खूण करावी.

६. पॉलिहाऊसची फिल्म चढविताना काठावरील सूचना वाचून थेंबरोधक बाजू आतच ठेवावी. आतील बाजू साबणाने धुऊ नये.

७. भाजीपाल्यासाठी छापील पिशव्या करून घेताना छपाईवर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढून पाहावी. शाई पट्टीवर आली तर माल परत करावा. तसेच प्रक्रिया केवळ बाहेरच्या बाजूसच केलेली असावी. आतही झाली तर पिशवीची शिलाई, म्हणजे उष्णतेचा सांधा, कच्चा राहण्याचा संभव असतो.

व्याख्यानानंतर विचारलेले प्रश्न

प्रश्न : ठिबकच्या नळीला आतून अशी प्रक्रिया केली तर क्षार बसणार नाहीत का?

उत्तर : फायदा होणार नाही, उलट तोटा होईल. पॉलिथीनला काही चिकटत नाही हा तेथे गुणच आहे. क्षार साचतात ते पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेटमुळे. त्यावर आम्ल प्रक्रिया हाच उपाय. पॉलिथीनच्या साखळीवर सौम्य आम्लाचा परिणाम होत नाही म्हणून ती करता येते. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

प्रश्न : घरी ब्लोलॅम्पची ज्योत फिरवून रंग बसविता येईल का?

उत्तर : तत्त्व बरोबर आहे, पण कारखान्यात ज्योत सेकंदाच्या अंशापुरतीच लागते. हाताने ते साधत नाही, फिल्म वितळते. औषध भरलेल्या किंवा त्याचा अंश राहिलेल्या टाकीजवळ तर ज्योत मुळीच नेऊ नये, आतील द्रावकाची वाफ पेट घेते.

प्रश्न : बियाण्यालाही प्लाझ्मा देतात असे ऐकले. यंत्र घ्यावे का?

उत्तर : बियाण्याची साल ही नैसर्गिक साखळ्यांचीच बनलेली असते. प्लाझ्माने ती पाणी लवकर शोषते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण सालीची रचना पिकागणिक वेगळी असते, त्यामुळे एका पिकाला मानवणारी मात्रा दुसऱ्याला घातक ठरते आणि मात्रा जास्त झाली तर उगवण घटते. तेव्हा आपल्या पिकासाठी विद्यापीठाची शिफारस आल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. ट्रायकोडर्मा आणि रायझोबियमची बीजप्रक्रिया स्वस्त आहे, ती चुकवू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ज्या साखळीमुळे पॉलिथीन पाण्याला, आम्लाला आणि क्षाराला दाद देत नाही, तीच साखळी गोंदालाही दाद देत नाही. म्हणून दुकानात गोंद मागण्यापूर्वी वस्तू उलटी करून तळाचा आकडा पाहण्याची सवय लावावी. सांधा सोल्युशनने घ्यायचा, उष्णतेने घ्यायचा की फिटिंगने, हे त्या आकड्यावरून ठरते.